लघुग्रहावरची खाण: प्लॅटिनम नंतर, आधी पाण्याचं बघा

लघुग्रहांवरच्या खाणकामाचा विषय निघाला की पहिल्या दोन ओळींतच एक अवाढव्य आकडा येतो. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात सायकी नावाचा लघुग्रह आहे, साधारण २२० किलोमीटर रुंद, आणि त्याची किंमत म्हणे १ वर १९ शून्यं इतके डॉलर. हा आकडा कसा निघाला तर अख्खा सायकी म्हणजे लोखंड-निकेलचा गोळा धरायचा, त्याचं वजन काढायचं आणि पृथ्वीवरच्या बाजारभावाने गुणायचं. गुणाकार बरोबर असेल पण त्यातून हाती काही लागत नाही, कारण एवढं लोखंड विकत घेणारं गिऱ्हाईकच कुठे नाही, आणि सायकीची घनता बघता तो निव्वळ धातूचा नसावा असंच दिसतंय, नासाचा अंदाज आहे की त्यात धातू ३० ते ६० टक्के असेल आणि बाकी दगड. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं सायकी यान २०२९ मध्ये तिथे पोचायचंय, मग नक्की कळेल.

मला हा विषय मनापासून आवडतो आणि म्हणूनच हे असले आकडे फार खटकतात. लोक एकतर हुरळून जातात नाहीतर सगळं थोतांड म्हणून सोडून देतात, आणि मधली जी इंटरेस्टिंग गोष्ट आहे ती राहूनच जाते, ती म्हणजे हा धंदा खरंच उभा करायचा झाला तर तो कसा रचायचा. काय विकायचं, कुणाला, माल कुठे पोचवायचा आणि किती वर्षांत. गिऱ्हाइकापासून सुरुवात करून मागे मागे येत गेलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी प्लॅटिनमचा हिशोब संपवून टाकू, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. लघुग्रहात प्लॅटिनम जास्त का असतं? पृथ्वी तयार होताना वितळलेली होती, तेव्हा लोखंड जड म्हणून खाली केंद्राकडे गेलं आणि जाताना प्लॅटिनम, इरिडियम, सोनं असे लोखंडात सहज मिसळणारे धातू सोबत घेऊन गेलं. वरच्या कवचात जे काही थोडंफार आहे त्यातलं बरंच नंतर आदळलेल्या अशनींनी आणलेलं आहे असं मानतात. लहान लघुग्रहांच्या बाबतीत काही पुरते वितळलेच नाहीत, आणि काही म्हणजे वितळून पुढे फुटलेल्या मोठ्या गोळ्यांचे आतले तुकडे आहेत, त्यामुळे तो धातू तिथे हाताशी आहे. पृथ्वीवर सापडलेल्या लोखंडी अशनींमध्ये टनामागे काही दहा ग्रॅम प्लॅटिनम मिळतं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चांगल्या खाणींमध्ये टनामागे जेमतेम ३ ते ६ ग्रॅम. म्हणजे खनिज म्हणून अशनी दहापट चांगला. ऐकायला भारी वाटतं.

आता गणित करा. टनाला ५० ग्रॅम धरले तर १ टन प्लॅटिनमसाठी २० हजार टन धातू फोडायचा, वितळवायचा, वेगळा करायचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं वजन सुमारे ४२० टन आहे, म्हणजे अशा जवळजवळ ४८ स्थानकांएवढा माल. किलोला ४० हजार डॉलर भाव धरला तर त्या १ टनाचे मिळणार ४ कोटी डॉलर, आणि फाल्कन ९ रॉकेटचं एक उड्डाण त्यापेक्षा महाग आहे. बरं तुम्ही कसंतरी करून शेकडो टन आणलंत तरी जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला साधारण १८० टनच प्लॅटिनम काढतात, त्यामुळे तुमचा माल बाजारात आला की भाव कोसळणार आणि ज्या भावावर तुम्ही कर्ज काढलं होतं तो भावच राहणार नाही. प्लॅटिनम कधीच येणार नाही असं मी म्हणत नाहीये, पण पहिला माल तो नव्हे, फार तर दुसऱ्या कशाच्या तरी मागून येणारा जोडमाल.

मग पहिला माल कुठला? पाणी!

यासाठी रॉकेटचं एक समीकरण समजून घ्यावं लागतं, त्सिओल्कोव्स्कीने १९०३ मध्ये मांडलेलं, आणि ते फार अवघड नाहीये. रॉकेट मागे वायू फेकतं म्हणून पुढे जातं, आणि जेवढा वेग वाढवायचा असेल त्याच्या मानाने इंधन सरळ पटीत न वाढता गुणाकाराने वाढत जातं, कारण पुढे लागणारं इंधनही आधी स्वतःबरोबर ढकलत न्यावं लागतं. हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणाऱ्या चांगल्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. कक्षेत असलेल्या १० टनांच्या यानाला तेवढाच म्हणजे ४.४ चा वेग द्यायचा तर निघताना एकूण वजन २७ टन हवं, त्यातलं १७ टन नुसतं इंधन. आणि हे १७ टन आधी पृथ्वीवरून वर चढवलेले असतात, तिथे परत हेच समीकरण लागू, कारण नुसतं खालच्या कक्षेत पोचायलाच सेकंदाला सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरचा वेग खर्च होतो. माणसांना चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे २९०० टनांचं असायचं आणि त्यातून चंद्राकडे जायचे साधारण ४५ टन. बाकी बहुतेक सगळं इंधनच.

तर वर अवकाशात जे इंधन आहे त्याची किंमत त्यात काय आहे यापेक्षा ते कुठे आहे यावर ठरते. पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, सोलर पॅनलच्या विजेने ते फोडलं की रॉकेटचं उत्तम इंधन तयार. न फोडता नुसती वाफ करून मागे सोडली तरी थ्रस्टर म्हणजे यानाचं छोटं इंजिन चालतं, ताकद कमी पण यंत्र साधं, आणि असे पाण्यावर चालणारे छोटे थ्रस्टर प्रत्यक्ष उपग्रहांवर उडूनही झालेत. शिवाय अंतराळवीरांना प्यायला, श्वासाचा ऑक्सिजन करायला, रेडिएशनपासून आडोसा म्हणून, सगळीकडे पाणी लागतंच.

२०१६ च्या सुमारास युनायटेड लाँच अलायन्स या अमेरिकन रॉकेट कंपनीने आपण अवकाशात इंधन कुठल्या भावाने घेऊ हे आकड्यांत सांगितलं होतं. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत किलोला ३००० डॉलर, पृथ्वी आणि चंद्राच्या मधल्या एल-१ बिंदूवर १००० डॉलर, चंद्राच्या पृष्ठभागावर ५०० डॉलर. मला हे या विषयातल्या सगळ्यात महत्त्वाच्या आकड्यांपैकी एक वाटतं, कारण इथे पहिल्यांदा कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून बोललं. भाव मिळाला की मग बाकीची रचना करता येते. पण तो भाव उलटा का आहे बघा, पृथ्वीजवळ जास्त आणि चंद्रावर कमी, कारण हा भाव चंद्रावरून इंधन येणार असं धरून होता, त्यामुळे खाणीच्या तोंडाशी स्वस्त आणि तिथून जितकं लांब आणायचं तितकं महाग.

आता यातली अडचण सांगतो आणि ही अडचण बहुतेक लेखांत सापडत नाही. तुमच्या पाण्याचा कमाल भाव ठरतो पृथ्वीवरून तेच पाणी वर न्यायला किती खर्च येतो यावरून, कारण त्याहून महाग द्याल तर गिऱ्हाईक सरळ खालून मागवेल. स्पेस शटलच्या काळात किलोमागे कित्येक दहा हजार डॉलर लागायचे, फाल्कन ९ ने ते काही हजारांवर आणले, आणि पूर्ण पुन्हा वापरता येणारी मोठी रॉकेटं जमली तर ते शेकड्यांत येईल. म्हणजे जी स्वस्त रॉकेटं खाणवाल्यांची यंत्रं वर नेणं परवडण्याजोगं करतात तीच रॉकेटं त्यांच्या मालाचा भावही पाडतात. यावर उत्तर एकच दिसतं, की माल पृथ्वीपासून जितका लांब विकाल तितकं बरं. खालच्या कक्षेत पृथ्वीचं पाणी स्वस्त पडणार, पण चंद्राजवळ किंवा मंगळाच्या वाटेवर तेच पाणी खालून न्यायचं तर प्रत्येक टप्प्यावर ते इंधनाचं समीकरण परत परत लागतं आणि तिथे लघुग्रहाचं पाणी टिकू शकतं.

दुसरी अडचण, आज हे पाणी घेणारं खरंच कोण आहे? बहुतेक उपग्रह हायड्राझिन या रसायनावर नाहीतर झेनॉन, क्रिप्टॉन, आर्गॉन अशा वायूंवर चालतात, त्यांना पाण्याचा काडीचा उपयोग नाही. कक्षेत उपग्रहाचं आयुष्य वाढवून द्यायला पैसे मिळतात हे मात्र सिद्ध झालंय, फेब्रुवारी २०२० मध्ये नॉर्थरॉप ग्रमनचं एमईव्ही-१ यान इंटेलसॅट ९०१ या म्हाताऱ्या उपग्रहाला जाऊन चिकटलं आणि स्वतःच्या इंजिनावर त्याला पुढची पाच वर्षं सांभाळलं. म्हणजे मागणी आहे, ती अजून पाण्याच्या रूपात नाहीये. म्हणून माझं ठाम मत असं की खाणीच्या आधी टाकी उभी करायला हवी. पृथ्वीवरूनच पाणी नेऊन कक्षेत साठवा, पाण्यावर चालणारी टग यानं बनवा जी उपग्रह इकडून तिकडे ओढून नेतील, तोट्यात का होईना पण भरायची-ओतायची सवय, नळ्या, जोडण्या, मोजमाप, बिल कसं करायचं हे सगळं बसवा. मग त्या टाकीत एक दिवस लघुग्रहाचं पाणी ओतलं तर गिऱ्हाइकाला फरकही कळणार नाही. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी पाणी काढलं आणि मग गिऱ्हाईक शोधायला लागलात, तर तोवर कंपनी संपलेली असेल.

बरं, पाणी आहे कुठल्या लघुग्रहावर? पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारे लघुग्रह आजवर ३५ हजारांच्या वर सापडलेत, आणि पट्ट्यातल्या लांबच्यांपेक्षा आपल्याला हेच कामाचे. ढोबळ प्रकार तीन, कार्बनवाले काळे सी प्रकारचे, दगडी एस प्रकारचे आणि धातूवाले एम प्रकारचे. पाणी हवं तर सी. पण तिथे बर्फाची लादी पडलेली नसते, पाणी चिकणमातीसारख्या खनिजांच्या आत रासायनिकरीत्या अडकलेलं असतं, आणि दगड काहीशे अंशांपर्यंत तापवला की वाफ होऊन बाहेर येतं. काही जातीच्या कार्बनी अशनींमध्ये वजनाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी मिळालंय. यानं जाऊन आलेले बेन्नू आणि र्‍युगू हे दोन्ही लघुग्रह याच काळ्या घराण्यातले, आणि बेन्नू तर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त ४ टक्केच परत फेकतो, इतका काळा.

दुर्बिणीतून येणाऱ्या प्रकाशाचे रंग तपासून प्रकार ओळखतात, पण त्या हजारोंपैकी थोड्यांचाच असा नीट अभ्यास झालाय, आणि लांबून दिसणारा रंग सांगतो फक्त वरच्या पातळ थराबद्दल. म्हणजे खाण कंपनीला जी पहिली गोष्ट लागते, की इथे अमुक टक्के माल आहे आणि मी ते सिद्ध करू शकतो, ती आज जवळपास कुठल्याच लघुग्रहाबाबत नाही. जमिनीवर कुठलीही बँक भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांशिवाय खाणीला पैसे देत नाही, इथेही देणार नाही.

आणि मग वेळापत्रक, जे मला या सगळ्यात सर्वात सुंदर आणि सर्वात त्रासदायक वाटतं. कमी इंधनात कुठल्या लघुग्रहावर जाता येतं? ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेसारखी आहे त्यावर. काहींवर पोचणं तर चंद्रावर उतरण्यापेक्षा सोपं, कारण तिथे उतरायला ब्रेक मारावा लागेल एवढं गुरुत्वाकर्षणच नाही. पण कक्षा सारखी असली की सूर्याभोवती फिरायचा वेगही जवळपास सारखाच, म्हणजे एकदा तो पृथ्वीच्या पुढे निघून गेला की पुन्हा जवळ यायला वर्षानुवर्षं लागतात. बेन्नूचं वर्ष पृथ्वीच्या १.२ पट आहे, तो साधारण दर ६ वर्षांनी जवळ येतो. ज्याचं वर्ष १.१ पट असेल तो ११ वर्षांनी येणार. म्हणजे जेवढा जायला सोपा तेवढा भेटायला दुर्मिळ. एकाच लघुग्रहावर खाण टाकून दरवर्षी माल आणू असं ज्यांना वाटतं त्यांनी हे कोष्टक आधी बघावं. मला वाटतं धंदा लागलाच तर तो एका मोठ्या खाणीचा नसेल, फिरत्या यंत्रांचा असेल, आज हा दगड, तो लांब गेला की दुसरा, आणि लहान लहान दगड, दहा-वीस मीटरचे, जे पूर्ण गुंडाळून घेता येतील असे.

गुंडाळून का म्हणतोय ते बेन्नूवर काय घडलं ते बघितलं की लक्षात येतं. २० ऑक्टोबर २०२० ला नासाचं ओसायरिस-रेक्स यान बेन्नूवर टेकलं. यान साधारण ३३ कोटी किलोमीटर लांब, सिग्नल इकडे यायला साडेअठरा मिनिटं, त्यामुळे जे करायचं ते यानाने स्वतःच ठरवायचं होतं. शास्त्रज्ञांना कडक जमिनीची अपेक्षा होती, पण यानाचा हात टेकला आणि धान्याच्या राशीत हात खुपसावा तसा जवळपास अर्धा मीटर आत गेला, विरोधच नाही. थ्रस्टर पेटवून यान मागे आलं नसतं तर ते आणखी आतच जात राहिलं असतं. खडे इतके भरले की झाकणात अडकून ते उघडंच राहिलं आणि नमुना बाहेर सांडायला लागला, शेवटी घाईघाईने सगळं कुपीत बंद केलं. बेन्नू म्हणजे अखंड खडक नाहीच, मोकळ्या दगडगोट्यांचा ढीग, आत भरपूर पोकळी, नुसत्या क्षीण गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेला.

त्याचं गुरुत्वाकर्षण किती क्षीण? तिथे एक मीटर उंचीवरून दगड सोडला तर खाली पडायला अडीच-तीन मिनिटं लागतील. सेकंदाला २० सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने काही उडालं तर ते परतच येणार नाही, म्हणजे चालताना हात हलतो त्यापेक्षाही हळू. आता अशा ठिकाणी ड्रिल लावायचं म्हणजे काय होईल विचार करा, ड्रिल जितक्या जोराने खाली दाबाल तितक्याच जोराने यान वर ढकललं जाणार, आणि ड्रिल फिरवाल तर यान उलटं फिरणार. जमिनीवरची प्रत्येक खाण यंत्राच्या वजनाच्या भरवशावर चालते आणि इथे वजनच नाही. २०१४ मध्ये फिले नावाचा लँडर धूमकेतूवर उतरला, त्याला जमिनीत रोवून धरणारे हार्पून सुटलेच नाहीत आणि तो उसळ्या मारत जवळपास दोन तास भटकत राहिला. दुसऱ्या बाजूने बघितलं तर खोदणं सोपंही आहे, जपानच्या हायाबुसा-२ ने २०१९ मध्ये र्‍युगूवर दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटर वेगाने मारला आणि १४ मीटरच्या आसपास रुंदीचा खड्डा पडला. फोडणं हा प्रॉब्लेमच नाही, फोडलेलं जागेवर धरून ठेवणं हा आहे. प्रत्येक खडा तुमच्या सोलर पॅनलच्या दिशेने तरंगत जाऊ शकतो.

म्हणून पिशवीची कल्पना. अख्खा छोटा दगड एका मोठ्या मजबूत पिशवीत बंद करायचा, बाहेरून आरशांनी सूर्यप्रकाश एकवटून आत सोडायचा, दगड तापून तडकतो, वाफ निघते, ती थंड नळीत गोठवून साठवायची. ड्रिल नाही, पाय रोवायचे नाहीत, काही उडालं तरी पिशवीत. याला ऑप्टिकल मायनिंग म्हणतात आणि ट्रान्सअ‍ॅस्ट्रा ही कंपनी यावर काम करते. मला सगळ्या पर्यायांत हा सर्वात समजूतदार वाटतो, कारण आकडे जमतात. १० मीटरचा दगड म्हणजे साधारण १००० टन, त्यात १० टक्के पाणी म्हणजे १०० टन. किलोमागे ढोबळ १ मेगाज्यूल उष्णता धरा. १० मीटर बाय १० मीटरच्या आरशावर, सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर, सुमारे १३६ किलोवॅट ऊन पडतं, निम्मं वाया गेलं तरी पाचसहा महिन्यांत सगळा दगड भाजून होतो, आणि ऊन फुकट आहे, रात्र नाही, ढग नाहीत. पाणी काढायला उष्णता पुरते, खरी वीज खाते ती पुढची पायरी, पाणी फोडायची. किलोला ५ युनिटच्या आसपास, म्हणजे १०० टनांना ५ लाख युनिट, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे ते भलेमोठे सोलर पॅनल जे साधारण १०० किलोवॅट देतात तेवढे जोडले तरी सात महिने. त्यामुळे लघुग्रहावर पाणी फोडत बसू नये, परतीला वाफेचा थ्रस्टर वापरावा आणि पाणी पाणी म्हणूनच टाकीपर्यंत आणावं, फोडायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या दारात.

पिशवीत न सुटलेले प्रश्न आहेतच. लहान दगड गरागरा फिरत असतात, काहींची फेरी काही मिनिटांची, आधी तो थांबवायचा कसा. धूळ आरशावर बसली की ताकद कमी. निर्वात जागेत उष्णता फक्त किरणांनीच बाहेर जाते त्यामुळे वाफ गोठवायला मोठे रेडिएटर लागतात, आणि या सगळ्याचं वजन परत रॉकेटवरच.

पैशाकडे येऊ. आजवर माणसाने लघुग्रहांवरून किती माल आणलाय माहितेय? जपानच्या पहिल्या हायाबुसाने २०१० मध्ये मिलिग्रॅमहून कमी धूळ, हायाबुसा-२ ने डिसेंबर २०२० मध्ये ५.४ ग्रॅम आणि ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम. सगळं मिळून १३० ग्रॅमसुद्धा नाही, आणि त्यातल्या शेवटच्या मोहिमेलाच १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला, निघाल्यापासून परत यायला सात वर्षं. विज्ञानासाठी तो पैसा सार्थकी लागला, त्या नमुन्यांत अमिनो आम्लं आणि खाऱ्या पाण्यातून उरलेले क्षार सापडले, पण धंद्याच्या नजरेने सात वर्षं म्हणजे व्याज. जोखमीच्या धंद्यात गुंतवणूकदार वर्षाला १५ टक्के तरी मागणारच, त्या हिशोबाने १० वर्षांनी १ डॉलरचे ४ डॉलर परत द्यावे लागतात, आणि मोहीम फसण्याची शक्यता निम्मी धरली तर ८. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या केक इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात ७ मीटरचा, ५०० टनांचा लघुग्रह चंद्राजवळ आणायचा खर्च २.६ अब्ज डॉलर काढला होता. ५०० टनांत १० टक्के पाणी म्हणजे ५० टन, किलोला १००० डॉलरने ५ कोटी डॉलर. खर्चाचा पन्नासावा हिस्सा. म्हणजे यंत्र एकदा पाठवून दगडामागून दगड हाणत राहिलं आणि प्रत्येक फेरीचा खर्च कितीतरी पटींनी खाली आणला तरच हे उभं राहतं.

याच वेळेच्या चरकात पहिल्या पिढीतल्या कंपन्या सापडल्या. प्लॅनेटरी रिसोर्सेस २०१२ मध्ये गाजावाजा करून जगापुढे आली, बडे गुंतवणूकदार होते, २०१८ मध्ये ती एका ब्लॉकचेन कंपनीने विकत घेतली. डीप स्पेस इंडस्ट्रीज २०१९ च्या सुरुवातीला ब्रॅडफोर्ड या दुसऱ्या अवकाश कंपनीकडे गेली, आणि तिचं टिकलेलं काम कुठलं तर पाण्यावर चालणारे थ्रस्टर. मला यात हिणवण्यासारखं काही दिसत नाही, ते थ्रस्टर म्हणजे भविष्यातल्या गिऱ्हाइकाचं इंजिनच आहे. आत्ताची अ‍ॅस्ट्रोफोर्ज प्लॅटिनमच्या वाटेने जातेय, त्यांचं ओडिन यान फेब्रुवारी २०२५ मध्ये एका लघुग्रहाकडे निघालं आणि थोड्याच वेळात संपर्क तुटला. त्यांची एक गोष्ट पटते, मोठं एक यान बनवत बसण्यापेक्षा छोटी स्वस्त यानं लवकर लवकर पाठवायची. प्लॅटिनमबद्दल मी वर म्हटलंच आहे.

कायद्याचं थोडक्यात. १९६७ चा बाह्य अवकाश करार म्हणतो की कुठल्याही देशाला खगोलीय वस्तूवर मालकी सांगता येणार नाही, आणि खाजगी कंपनी काय करते याची जबाबदारी तिच्या देशाची. काढलेला माल कुणाचा यावर तो करार गप्प आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये, मग संयुक्त अरब अमिरात आणि जपाननेही कायदे केले की दगड तुमचा नाही पण त्यातून काढलेलं तुमचं. १९७९ चा चंद्र करार याउलट अवकाशातली संसाधनं सगळ्या मानवजातीची म्हणतो, पण मोठ्या अवकाश देशांपैकी कुणीच तो पूर्ण स्वीकारला नाही. माझ्या मते कोर्टात पहिलं भांडण मालकीवरून होणार नाही, जवळ येण्यावरून होईल. एकाच दगडावर दोन कंपन्या पोचल्या, एकीने उडवलेली खडी दुसरीच्या पॅनलवर गेली, तर कोण किती लांब राहायचं आणि कोण भरपाई देणार, याचे नियम अजून कच्चे आहेत.

आणि चंद्राला विसरून चालणार नाही. २००९ मध्ये नासाच्या एलक्रॉस मोहिमेत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या खड्ड्यात रॉकेटचा टप्पा आपटवला आणि उडालेल्या मातीत साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी दिसलं. चंद्र तीन दिवसांच्या अंतरावर, सिग्नलला सव्वा सेकंद, बिघडलं तर दुसरं यान लगेच पाठवता येतं. तोटे म्हणजे तो बर्फ कायम अंधाऱ्या, भयानक थंड खड्ड्यांत आहे आणि तिथून निघायला सेकंदाला २.४ किलोमीटरचा मुक्तिवेग. मला वाटतं पहिली काही वर्षं चंद्र जिंकेल, केवळ जवळ आहे म्हणून, चुका लवकर कळतात म्हणून. लघुग्रहांची पाळी येईल ती मागणी वाढल्यावर, आणि तेव्हा पाणी काढून उरलेली भाजकी माती रेडिएशनच्या आडोशाला, लोखंड-निकेल तिथल्या तिथे बांधकामाला, असं हळूहळू एकेक विकलं जाईल.

त्याआधी दगडाला धरून राहायची अडचण सोडवावीच लागणार आहे, आणि त्यासाठी मी सध्या लक्ष ठेवून आहे ते चीनच्या तियानवेन-२ वर. मे २०२५ मध्ये निघालेलं हे यान कामोओआलेवा नावाच्या लघुग्रहाकडे चाललंय, दगड लहान, फार तर शंभर मीटरचा, आणि अर्ध्या तासाच्या आत एक फेरी मारणारा, म्हणजे खाणवाल्यांना हव्या त्या आकाराच्या आणि त्या स्वभावाच्या दगडांच्या बराच जवळचा. टेकून लगेच उडायची पद्धत तर ते वापरणारच आहे, पण त्याशिवाय यानाचे हात पृष्ठभागात रोवून, चिकटून राहून नमुना घ्यायचीही योजना आहे, जे आजवर कुठल्याच लघुग्रहावर जमलेलं नाही. नमुने २०२७ च्या शेवटी पृथ्वीवर यायचेत. ते किती ग्रॅम भरतात यापेक्षा त्या हातांवर दाब किती आला आणि पकड किती वेळ टिकली याची नोंद खाणीचं यंत्र बनवणाऱ्यांना जास्त कामाची असेल.